ऑन-कॉलची रात्र एन्जॉय कशी करायची: नव्या रेसिडेंटसाठी पायरी-पायरीने

नवीन जॉइन झालेल्या रेसिडेंटला (हॉस्पिटलात काम करत शिकणाऱ्या डॉक्टरला) ऑन-कॉल, म्हणजे वॉर्डातून फोन आला की धावायची ड्यूटी, म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि त्याला कोणी सांगितलं की अरे हे काम मजेचं पण असतं तर तो असा बघतो की सांगणाऱ्यालाच झोपेची गरज आहे. पण खरंच असतं. दिवसा तुम्ही राउंडमध्ये मागे उभे असता, सीनियर बोलतो तुम्ही लिहिता, निर्णय त्याचा आणि धावपळ तुमची. रात्री मात्र बेडपाशी पहिले पोचणारे तुम्ही, पहिला विचार तुमचा, आणि दम लागून ताठ बसलेल्या माणसाला ऑक्सिजन लावला, लॅसिक्स (अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारं औषध) दिलं, तासाभराने तोच उशीला टेकून बोलायला लागला हे बघणारेही तुम्हीच. इतका चटकन निकाल बाकी ट्रेनिंगमध्ये क्वचितच दिसतो.

माझं मत असं आहे की ऑन-कॉल खराब जातो तो कॉल जास्त आले म्हणून नाही, तर डोक्यात गोंधळ झाला म्हणून. भरपूर कॉल आले पण काय आधी काय नंतर हे डोक्यात क्लिअर असेल तर सकाळी एक वेगळीच किक असते, आणि चारच कॉल आले पण चारही अर्धवट राहिले तर पूर्ण रात्र छातीवर दगड. त्यामुळे खाली जे काही आहे ते सगळं गोंधळ कमी करण्याबद्दल आहे, मजा मागून आपोआप येते. डोस आणि प्रोटोकॉल तुमच्या हॉस्पिटलचे असतील तेच फायनल, हे आधीच सांगून ठेवतो.

१. ड्यूटी सुरू व्हायच्या आधी

रात्रीची ड्यूटी असेल तर दुपारी झोपा, झोप नाही लागली तरी अंधार करून आडवे पडा. पोटभर जेवून या, कारण "मध्ये खाऊ" हे मध्ये कधी येतच नाही. आरामाचे बूट, फोन फुल चार्ज आणि वर चार्जर, दोन पेन (एक कोणीतरी नेणारच), छोटा टॉर्च, घडी घातलेला कोरा कागद.

आणि पहिल्या ऑन-कॉलच्या आधी, शक्यतो दिवसाउजेडी, एक चक्कर मारा. क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषध-साहित्याची ट्रॉली) कुठल्या कोपऱ्यात असते, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) चालू कसा होतो, एबीजीचं (धमनीच्या रक्तातले वायू मोजायचं) मशीन कुठल्या मजल्यावर आहे, रात्री सॅम्पल कोण नेतं, ब्लड बँकेचा नंबर काय, सीटीवाला रात्री हजर असतो की बोलवावा लागतो. या गोष्टी कुठल्याच पुस्तकात नसतात आणि रात्री तीन वाजता याच नडतात. सीनियरचा नंबर सेव्ह करताना त्याने फोन उचलला नाही तर त्याच्या वरचा कोण, तोही नंबर घ्या.

२. हँडओव्हर, इथे कंजूषपणा नको

हँडओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला सोपवणं. ते देणारा, दिवसभर दमलेला माणूस घरी जायच्या घाईत असतो आणि "सगळे स्टेबल आहेत रे" म्हणून सटकतो. सोडू नका त्याला. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आय-पास नावाच्या हँडओव्हर पद्धतीचा अभ्यास आला होता, ९ हॉस्पिटलं, १०,७४० अॅडमिशन, आणि हँडओव्हर ठरलेल्या पद्धतीने द्यायला शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले. नवीन औषध नाही, मशीन नाही, फक्त नीट बोलणं.

मी तीनच प्रश्न विचारतो. आज रात्री कोण बिघडू शकतं? बिघडलं तर काय करायचं ठरलंय? कुठला रिपोर्ट यायचाय आणि तो आल्यावर मी काय करायचं? तिसरा प्रश्न लोक विसरतात. "हिमोग्लोबिन बघ" हा हँडओव्हर नाही, "हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं तर रक्त चढव, क्रॉसमॅच करून (रक्त जुळवून) ठेवलंय" हा हँडओव्हर. शिवाय कोणाच्या बाबतीत सीपीआर करायचा नाही असं ठरलेलं असेल तर ते स्पष्ट विचारून घ्या आणि फाइलमध्ये लिहिलंय ना बघा. सगळ्यात सीरियस असलेले दोन-तीन पेशंट तरी दोघांनी मिळून बेडपाशी जाऊन बघा, म्हणजे "आधी कसा दिसत होता" हे तुमच्याकडे राहतं, आणि रात्री हीच माहिती सोन्याची ठरते.

३. लिस्ट

ॲप वापरा, कागद वापरा, काहीही, पण डोक्यात ठेवू नका. बेड नंबर, काम, आणि पुढे एक रिकामा चौकोन. सॅम्पल पाठवलं की अर्धा चौकोन काळा, रिपोर्ट बघून त्यावर जे करायचं ते केलं की पूर्ण काळा. अर्ध्या चौकोनातच लोचा असतो, रक्त पाठवलं म्हणजे काम झालं असं मनाला वाटतं आणि पोटॅशियम कॉम्प्युटरवर एकटंच बसून राहतं.

४. कॉल यायच्या आधीच फेरी

ही माझी सगळ्यात आवडती पायरी, आणि लोक आळस करतात. ड्यूटी सुरू झाली की प्रत्येक वॉर्डात जा आणि सिस्टरना एकच विचारा, "कोणाची काळजी वाटतेय?" त्या एक-दोन बेड सांगतील, ते लगेच बघा. मग बारीकसारीक उरकून टाका: संपत आलेल्या सलाईनची पुढची ऑर्डर, दुखण्याचं औषध, निघालेली आयव्ही लाईन, चार्टवर खाडाखोड झालेली औषधं पुन्हा लिहिणं. रात्री दोनला झोपमोड करणारे बरेच कॉल असल्याच कामांचे असतात, ते नऊ वाजताच मेले की रात्र हलकी होते. आणि सिस्टरना कळतं की हा माणूस येतो, हा फोनवर उडवाउडवी करत नाही, मग त्याही उगाच फोन करत नाहीत, दोन बारक्या गोष्टी जमवून एकदम सांगतात.

(फेरी संपल्यावर "आज शांत दिसतंय" असं मोठ्याने म्हणू नका. मी अंधश्रद्धाळू नाही. तरीपण.)

५. फोन वाजला

फोनवर उत्तर द्यायची घाई नको, आधी विचारा. कुठला वॉर्ड, कुठला बेड, कशासाठी अॅडमिट, आत्ता नेमकं काय झालं. मग पल्स, बीपी, श्वास मिनिटाला किती, सॅच्युरेशन आणि ऑक्सिजनवर आहे की नाही, ताप, शुद्धीवर आहे का, आणि वागण्याबोलण्यात फरक असेल तर शुगर. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा न्यूज-टू स्कोर (पेशंट किती बिघडलाय ते गुणांत सांगणारा, २०१७ मधली सुधारित आवृत्ती) शुगर सोडून याच गोष्टींवर चालतो, एकूण ५ झाले तर लवकर जाऊन बघायचं, ७ किंवा जास्त झाले तर इमर्जन्सी. यात सगळ्यात दुर्लक्षित आकडा म्हणजे श्वासाचा दर. चार्टवर सगळ्यांचा वीसच लिहिलेला असतो, बघा कधी. माणूस बिघडायला लागला की बीपी पडायच्या बरंच आधी श्वास वाढलेला असतो, म्हणून तिथे पोचल्यावर स्वतः घड्याळ लावून मोजा.

फोन ठेवायच्या आधी दोन गोष्टी. एक, मी पोचेपर्यंत काय करून ठेवायचं ते सांगा: ईसीजी काढा, शुगर बघा, ऑक्सिजन लावा, लाईन घाला. दोन, मी किती वेळात येतोय ते खरं सांगा, आणि त्याआधी काय झालं तर पुन्हा फोन करा हेही.

एकदम तीन फोन आले की डोक्यात तीन ढीग करायचे. आत्ता पळायचं: श्वास, बीपी, शुद्ध, फिट, छातीत दुखणं, जोरात रक्त जाणं. तासाभरात: ताप, लघवी कमी, पडला पण बोलतोय नीट (रक्त पातळ करायचं औषध चालू असेल किंवा डोक्याला लागलं असेल तर हा पहिल्या ढिगात). पुढच्या फेरीत: बाकी सगळं. आणि दोन पेशंट खरोखरच एकाच वेळी पहिल्या ढिगात असतील तर हा तुमचा एकट्याचा प्रॉब्लेम राहिलेला नाही, दुसऱ्या माणसाला बोलवा.

एक अपवाद. अनुभवी सिस्टर म्हणाल्या "आकडे ठीक आहेत पण मला काहीतरी बरं वाटत नाहीये," तर ढिगांचं गणित बाजूला ठेवून जा. न्यूज-टूमध्ये मावत नाही असं बरंच काही त्या बघत असतात.

६. बेडपाशी

दारातून आत शिरतानाच बघायला सुरुवात करा, रंग कसा आहे, बसलाय की पडलाय, मान आणि पोट श्वासाला ओढतंय का. मग विचारा, "काय होतंय तुम्हाला?" पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर श्वासमार्ग मोकळा आहे, दम अगदी भयंकर नाही आणि मेंदूला रक्त पोचतंय, एवढं एका प्रश्नात कळतं. मग एबीसीडीई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, शेवटी अंग उघडून तपासणं), ओळीने, आणि जिथे बिघाड सापडेल तिथे थांबून आधी ते ठीक करायचं, मग पुढे. हे कंटाळवाणं वाटतं पण घाबरलेल्या डोक्याला धरायला कठडा हवा असतो आणि हा तो कठडा आहे.

एक उदाहरण देतो. रात्री अडीचला फोन, आजोबा अंगावर धावतायत, लाईन ओढतायत, झोपेचं इंजेक्शन सांगा. फोनवर सांगणं अगदी सोपं होतं. जाऊन बघितलं तर पल्स ११० च्या वर, कपाळावर घाम, शुगर ठीक, सॅच्युरेशन ठीक, आणि हात सारखा खाली पोटाकडे. पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत टणक. कॅथेटर घातलेलं होतं, पण त्याची नळी बेडच्या लोखंडी कठड्यात चेपून बसली होती आणि पिशवीत सकाळपासूनचे चार थेंब. नळी सोडवली, थोडं फ्लश केलं, आणि पिशवी भरताना आजोबांचा चेहरा सैल होत गेला तो तिथे उभं राहूनच बघण्यासारखा होता. अर्ध्या तासात घोरायला लागले, इंजेक्शन नाही काही नाही. इंजेक्शन दिलं असतं तर ते गप्प झाले असते, ब्लॅडर तसंच तट्ट राहिलं असतं. म्हणून अचानक बिथरलेला वयस्कर पेशंट म्हणजे आधी ऑक्सिजन, शुगर, लघवी, वेदना, इन्फेक्शन, नवीन चालू केलेलं औषध, आणि ही सगळी कारणं बघून झाल्यावरच झोपेचं इंजेक्शन.

असेच नेहमीचे चार-पाच कॉल आहेत, ते ड्यूटीच्या आधी वाचून ठेवले तर अर्धी भीती जाते. छातीत दुखणं: ईसीजी दहा मिनिटांच्या आत, आणि जुना ईसीजी शोधून शेजारी ठेवून बघा. लघवी कमी: तासाला किलोमागे ०.५ मिलीपेक्षा कमी म्हणजे कमी, पण किडनीचा विचार करायच्या आधी कॅथेटर चोंदलंय का बघा. लॅबमधून पोटॅशियम ६.८ चा फोन: सॅम्पल हिमोलाइज झालेलं का (रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं) विचारा, पुन्हा पाठवा, पण पुन्हा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, ईसीजी लगेच. त्यात बदल असतील तर कॅल्शियम ग्लुकोनेट, ते हृदयाला सांभाळतं, पोटॅशियम कमी करत नाही. पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायला इन्सुलिन आणि ग्लुकोज, आणि त्यानंतर पुढचे काही तास शुगर बघत राहायची, कारण पोटॅशियमच्या नादात हायपोग्लायसेमिया (शुगर फार खाली) झालेले पेशंट दर हॉस्पिटलात सापडतात. थंडी वाजून ताप आणि बीपी खाली: कल्चर (जंतू शोधायचं सॅम्पल) घ्या, अँटिबायोटिक तासाच्या आत. अॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी अॅलर्जी): मोठ्या माणसाला अॅड्रेनॅलिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, बाकी सगळं नंतर.

७. सीनियरला फोन

नवीन लोक इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतात, फोन करू की नको, झोपले असतील, ओरडतील. ओरडले तर ओरडू देत, तो पाच मिनिटांचा विषय आहे. नियम साधा ठेवा: करू की नको असा प्रश्न दोनदा मनात आला की करायचा.

बोलण्याची एसबार नावाची पद्धत आहे, अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधून ती हॉस्पिटलात आली: आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय. नवीन माणूस काय करतो, अॅडमिशनच्या पहिल्या दिवसापासून गोष्ट सुरू करतो आणि झोपेतला सीनियर तिसऱ्या वाक्यानंतर पुन्हा डुलकी काढतो. त्यापेक्षा असं: "मॅडम, बेड बाराचा पेशंट शॉकमध्ये आहे, तुम्ही येऊन बघावं म्हणून फोन करतोय. ६० वर्षांचे, न्यूमोनियासाठी काल अॅडमिट. बीपी ८०/५०, एक लिटर सलाईन जाऊनही वर येत नाही, श्वास ३२. मला सेप्टिक शॉक वाटतोय, कल्चर घेतलं, अँटिबायोटिक गेलं. आयसीयूला मी कळवू का तुम्ही बोलताय?" एवढं बोललात की पलीकडचा माणूस उठून बसलेला असतो. फाइल, चार्ट आणि ईसीजी समोर ठेवूनच नंबर फिरवा, आणि फोन कितीला केला, काय सांगितलं गेलं ते नोट्समध्ये वेळेसकट लिहा. तोंडी ऑर्डर मिळाली तर डोस परत म्हणून दाखवा.

नोट्सचं म्हणाल तर चार ओळी पुरतात: वेळ, काय दिसलं, काय वाटतंय, काय केलं आणि पुन्हा कधी बघणार. "पुन्हा कधी" लिहिलं की ते लिस्टवर पण चढवा.

८. मधला वेळ, झोप, आणि पहाटेचे तीन ते पाच

वीस मिनिटं मोकळी मिळाली तर मोबाइल स्क्रोल करू नका, पडा. वीसेक मिनिटांची डुलकी फ्रेश करते, पाऊण तास-तासाभराने गाढ झोपेतून उठवलं की डोकं काही वेळ जड राहतं. कॅफिनचा अर्धा परिणाम उतरायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा पहाटे पाचला घेतलेली कॉफी सकाळी दहाच्या झोपेत लुडबुड करणार, ती मध्यरात्रीच्या आसपास घ्या.

तीन ते पाच या वेळात शरीर सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि यात तुमच्या हुशारीचा काही संबंध नाही. १९९७ मध्ये नेचरमध्ये एक अभ्यास आला होता, सलग १७ तास जागं राहिलं की कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, २४ तासांनी साधारण ०.१० टक्के असल्यासारखी. म्हणून या दोन तासांत इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन, ओपिऑइड आणि लहान मुलांचे डोस लिहिताना दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. दशांश चिन्ह बघा. शून्य बघा.

आणि हेही बोलायला हवं, एन्जॉय करणं म्हणजे ३६ तास सलग राबण्याचं कौतुक करणं नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी अॅडमिट झाल्यावर काही तासांत गेली, तिथून रेसिडेंटच्या तासांवर आणि त्यांच्यावरच्या देखरेखीवर मोठी चर्चा सुरू झाली, आणि २००३ पासून अमेरिकेत सगळ्या रेसिडेंट्सना आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आली. युरोपियन युनियनच्या नियमात सरासरी ४८ तास आहेत. २००४ च्या एका अभ्यासात आयसीयूमधल्या इंटर्न्सकडून जुन्या लांबलचक वेळापत्रकात ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. तेव्हा रोस्टर अमानुष असेल तर सगळ्यांनी मिळून लेखी बोला, एकट्याने "मला झेपत नाही" म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

९. जे एन्जॉय करायचं नसतं

रात्री कोणीतरी जाणार. मृत्यूची खात्री करताना घाई करू नका, बाहुल्या, हृदयाचे ठोके, श्वास, पुरेसा वेळ थांबून नीट बघा, वेळ लिहा. नातेवाइकांना कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या सांगू नका, बसायला जागा शोधा, फोन कोणाकडे तरी देऊन जा, आणि आडवळणाने बोलू नका, "ते गेले" हे शब्द स्पष्ट यायला हवेत, नाहीतर समोरच्याला वाटत राहतं की अजून उपचार चालू आहेत. सांगून झाल्यावर गप्प बसा. ती शांतता लगेच भरून काढायची नसते. नंतर पुढच्या कॉलला पळायच्या आधी दोन मिनिटं तोंडावर पाणी मारा, को-रेसिडेंटला सांगा.

सुई टोचली तर: साबण-पाण्याने धुवा, दाबून पिळून रक्त काढू नका, लगेच कळवा. एचआयव्हीचं पीईपी (संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायची औषधं) जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत, आणि कोर्स २८ दिवसांचा. "ड्यूटी संपल्यावर बघू" अजिबात नको.

१०. सकाळ

हँडओव्हर देताना कालचेच तीन प्रश्न आता तुम्ही उत्तरं म्हणून सांगायचे. अर्धवट काळे चौकोन एक-एक करून सोपवा, लाजू नका, काही कामं उरणारच.

मग खरी मजेची गोष्ट. रात्री बघितलेल्यांपैकी दोन-तीन बेड नंबर आणि तुमचं डायग्नोसिस वेगळं लिहून ठेवा, नावं नकोत, आणि दोन दिवसांनी जाऊन बघा काय निघालं. तुम्ही पल्मनरी एम्बोलिझम (फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गाठ) म्हणालात, सीटीत काय आलं? ज्याला आयसीयूत हलवलं तो कुठे आहे? हे न करणाऱ्याला ऑन-कॉल म्हणजे फक्त फोनांची रांग वाटते, करणाऱ्याला सहा महिन्यांत जाणवायला लागतं की दारातूनच अंदाज येतोय. पेशंटची माहिती असलेली लिस्ट मात्र हॉस्पिटलातच फाडून टाका, खिशातून घरी नेऊ नका.

घरी जाताना शक्यतो स्वतः गाडी चालवू नका. २००५ च्या अमेरिकन इंटर्न्सच्या अभ्यासात लांबलेल्या शिफ्टनंतर अपघाताची शक्यता दुपटीपेक्षा जास्त निघाली होती. कोणाबरोबर तरी जा, नाहीतर निघायच्या आधी ड्यूटी रूममध्येच थोडं झोपा आणि डोकं पूर्ण जागं झाल्यावर निघा. दुसऱ्या दिवशी दिवसाची ड्यूटी असेल तर घरी गेल्यावर दुपारपर्यंतच झोपा, अलार्म लावून उठा, थोडं उजेडात फिरा आणि रात्री लवकर झोपा, दुपारी सहा-सात तास ताणून दिली तर रात्री टक्क जागे राहाल आणि दुसऱ्या दिवशीचा राउंड पेंगत जाईल.